मराठी स्वतंत्र संगीत

मराठी स्वतंत्र संगीत म्हणजे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा मोठी ध्वनिमुद्रण कंपनी यांच्या आधाराविना कवी, संगीतकार व गायक यांनी स्वतःच्या पुढाकाराने निर्माण केलेले आणि मिळेल त्या मार्गाने श्रोत्यांपर्यंत पोहोचवलेले मराठी गीतसंगीत होय. भीमगीत, कोळीगीत, गझल, रॅप, रॉक, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत असे अनेक प्रकार यात मोडतात. हे संगीत निर्मितीच्या पद्धतीवरून आणि प्रसाराच्या वाटेवरून ओळखले जाते. त्याला ठरावीक शैली नाही.

चित्रपटगीताला चित्रपटाची प्रसिद्धी आयती मिळते. स्वतंत्र गीताला तो आधार नसतो. कोणीतरी ते शोधावे लागते आणि दुसऱ्याला ऐकवावे लागते. त्यामुळे या संगीताचा इतिहास हा ते शोधणाऱ्या व वाटणाऱ्या श्रोत्यांचाही इतिहास आहे. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, ध्वनिफीत, मेमरी कार्ड आणि मोबाइलवरील चित्रफीत अशी त्याची वाहने बदलत गेली. प्रसार उत्तरोत्तर सोपा झाला. गीताबरोबर त्याच्या कर्त्याचे नाव पोहोचेलच, याची शाश्वती मात्र राहिली नाही.

संज्ञा

‘स्वतंत्र संगीत’ हा ‘इंडिपेंडंट म्युझिक’ या संज्ञेचा मराठी पर्याय असून बोलण्यात ‘इंडी’ हे तिचे संक्षिप्त रूप रूढ आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून ध्वनिमुद्रिका काढण्याची चळवळ ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जोमाने वाढली. मँचेस्टरजवळच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांतून स्वतःच प्रकाशित केलेली ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ध्वनिमुद्रिका तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानली जाते.

महाराष्ट्रात सामान्य श्रोता अशा गीताला ‘अल्बमचे गाणे’ किंवा ‘प्रायव्हेट साँग’ म्हणतो. चित्रपटात नसलेले गाणे, एवढाच या शब्दांचा मूळ अर्थ आहे. ‘चित्रपटबाह्य’ आणि ‘स्वतंत्र’ या दोन संज्ञा मात्र पूर्णतः समानार्थी नाहीत. मोठ्या कंपनीने काढलेले भावगीत चित्रपटबाह्य असते. परंतु काटेकोर अर्थाने ते स्वतंत्र नसते. स्वतःच्या बळावर लोकप्रिय झालेले गीत पुढे एखादी कंपनी स्वीकारते, तेव्हाही ही सीमारेषा पुसट होते.

पूर्वपीठिका

भावगीत

भारतात व्यापारी तत्त्वावरील ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकाता येथे सुरू झाले. आरंभीच्या मराठी ध्वनिमुद्रिकांमध्ये नाट्यसंगीताचे प्राबल्य होते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. या मर्यादेत आटोपशीर बसणारी आणि नाटकातील प्रसंगाची गरज नसलेली रचना म्हणजे भावगीत होय.

ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता गायक ग. ना. जोशी यांनी स्वतः चाल लावून गायली. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात एचएमव्ही कंपनीने काढलेली ही ध्वनिमुद्रिका मराठी भावगीताच्या आरंभीचा टप्पा मानली जाते. ना. घ. देशपांडे यांचे वास्तव्य व वकिली बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे होती. नाटक वा चित्रपट यांच्याशी संबंध नसलेली कविता केवळ गायकाच्या निवडीमुळे घरोघरी पोहोचू शकते, हे या ध्वनिमुद्रिकेने दाखवून दिले.

आकाशवाणी

आकाशवाणीने ध्वनिमुद्रिका विकत घेण्याची ऐपत नसलेल्या श्रोत्यालाही चित्रपटबाह्य गीत ऐकण्याची संधी दिली. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. वर्षभर चाललेल्या या मालिकेत एकूण ५६ गीते होती. ठरलेल्या वेळी श्रोते रेडिओभोवती जमत आणि एकच गीत एकाच वेळी गावोगावी ऐकले जाई.

कलावंतांच्या निवडीसाठी आकाशवाणीने स्वरपरीक्षेची पद्धत ठेवली होती. तीत उत्तीर्ण न झालेल्या किंवा तिथवर पोहोचू न शकलेल्या गायकाला हे दार बंद राहत असे. दुसरीकडे, गीत लावण्यापूर्वी किंवा लावल्यानंतर गीतकार, संगीतकार व गायक यांची नावे सांगण्याचा निवेदकांचा प्रघात श्रोत्यांच्या अंगवळणी पडला. तीन नावांनी गीत ओळखण्याची मराठी श्रोत्यांची सवय बऱ्याच अंशी आकाशवाणीने घडवली आहे.

ध्वनिफितींचा काळ

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८०च्या दशकात झाला. ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी कारखाना लागत असे; कॅसेटच्या प्रती मात्र लहानशा दुकानातही काढता येत. त्यामुळे प्रादेशिक व बोलीभाषांतील गीतांना प्रथमच स्वतःची बाजारपेठ मिळाली. उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात केला आहे.

महाराष्ट्रात या माध्यमाचा सर्वाधिक प्रभावी वापर आंबेडकरी गायकांनी केला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४), प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांची आणि पुढील पिढीत आनंद शिंदे व मिलिंद शिंदे यांची गीते ध्वनिफितींतून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लागणारी पुस्तकांची व गीतांची दुकाने ही या संगीताच्या प्रसाराची केंद्रे ठरली. तेथून घरी नेलेली एक कॅसेट अनेक घरांत फिरत असे आणि तिच्या प्रतीही निघत. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात या गानपरंपरेचे मोलाचे चित्रण आढळते.

शहरी मध्यमवर्गातही याच सुमारास चित्रपटबाह्य गीतसंग्रहांना श्रोते मिळू लागले. सौमित्र यांच्या कविता व मिलिंद इंगळे यांचे संगीत असलेला ‘गारवा’ (१९९८) आणि अवधूत गुप्ते यांचे संगीत व वैशाली सामंत यांचा स्वर असलेला ‘ऐका दाजीबा’ (२००२) ही त्याची ठळक उदाहरणे होत. संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने २००३ पासून प्रत्यक्ष मैफलीच्या आधारे आपला श्रोतृवर्ग उभा केला.

दृश्यगीत आणि महाजाल

गीताबरोबर दृश्ये जोडलेली चित्रफीत म्हणजे दृश्यगीत अथवा म्युझिक व्हिडिओ. हा प्रकार मराठीत प्रथम दूरचित्रवाणी व व्हीसीडी यांच्याद्वारे रुळला. कोळीगीते, लोकगीते, भक्तिगीते व भीमगीते यांच्या व्हीसीडी जत्रांतून आणि आठवडी बाजारांतून विकल्या जात. केवळ मराठी गीतांना वाहिलेल्या दूरचित्रवाणी वाहिन्या नंतर आल्या. तेथेही चित्रपटगीतांचेच वर्चस्व राहिले.

यूट्यूब हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्याने ग्रामीण श्रोत्यालाही दृश्यगीत पाहणे परवडू लागले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स ही सुविधा आणली. तेव्हापासून पूर्ण गीताऐवजी त्यातील काही सेकंदांचा तुकडा आधी लोकप्रिय होतो व त्यामागोमाग मूळ गीत शोधले जाते, असा क्रम रूढ झाला.

या काळातील काही उल्लेखनीय गीते पुढीलप्रमाणे आहेत.

• ‘शांताबाई’: पुण्याचे गायक संजय लोंढे यांचे हे गीत २०१५ मध्ये मोबाइलवरून आणि वरातींतून राज्यभर पोहोचले.

• ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९): मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटाने आरे येथील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह केलेले, जंगल व जमिनीच्या प्रश्नावरील गीत.

• ‘गुलाबी साडी’ (२०२४): जळगाव जिल्ह्यातील बंजारा तांड्यातून पुढे आलेले संजू राठोड यांचे गीत. संगीत संयोजन जी-स्पार्क यांचे आहे. यावरील नृत्याच्या लघुचित्रफिती महाराष्ट्राबाहेरही मोठ्या संख्येने निघाल्या.

• ‘तांबडी चामडी’ (२०२४): क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांचे इलेक्ट्रॉनिक नृत्यगीत. स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने ते प्रकाशित केले.

नव्या गीताच्या शोधाचे मार्ग

महाजालावरील संगीतसेवा श्रोत्याच्या पूर्वीच्या निवडीवरून त्याला पुढील गीते सुचवतात. कोणते गीत किती वेळ ऐकले गेले, कोणते मध्येच सोडले, कोणत्या गीतानंतर कोणते लावले गेले, यांवर ही शिफारस बेतलेली असते. नव्या कलावंताच्या गीताबाबत अशी कोणतीही नोंद उपलब्ध नसते. म्हणून पहिल्या काही श्रोत्यांनी ते शोधून पूर्ण ऐकणे व इतरांना पाठवणे निर्णायक ठरते. यंत्राची शिफारस ही बहुतांशी माणसांनी आधी केलेल्या शिफारशीच्या पाठोपाठ येते.

मराठी गीतांच्या बाबतीत लिपीची अडचणही मोठी आहे. गीतांची शीर्षके पुष्कळदा रोमन लिपीत लिहिली जातात आणि त्या लेखनाला एकच प्रमाण नाही. ‘ळ’ व ‘ण’ यांना रोमन लिपीत सर्वमान्य स्वतंत्र अक्षर नसल्याने ‘काळ’ आणि ‘काल’ किंवा ‘माळ’ आणि ‘माल’ यांचे लेखन एकसारखे होते. एकच शब्द तीन जण तीन प्रकारे लिहितात. अशा वेळी गीत अस्तित्वात असूनही शोधात सापडत नाही. शीर्षक, कवीचे नाव व गीताचे शब्द देवनागरीत दिल्यास ही अडचण बरीच कमी होते.

महाजालाबाहेरचे मार्गही टिकून आहेत. वरात, गणेशोत्सव, भीमजयंती आणि जत्रा येथे बँडपथके व डीजे जी गीते वाजवतात, त्यांतून अनेकांना नव्या गीताचा प्रथम परिचय होतो. काळी-पिवळी जीप व खासगी बस यांच्या चालकांकडील पेन ड्राइव्ह हाही ग्रामीण भागातील प्रसाराचा महत्त्वाचा मार्ग राहिला आहे. शहरांत प्रत्यक्ष मैफली व संगीत महोत्सव हे काम करतात. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा त्यांपैकी परिचित महोत्सव होय.

पश्चिम विदर्भ

पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात, चित्रपटाबाहेरील गीताची परंपरा जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची खंजिरीवरील भजने अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांतून पसरली. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी मराठी गझल रुजवली आणि भीमराव पांचाळे यांनी मैफलींद्वारे ती श्रोत्यांपर्यंत नेली.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. मालेगाव हे त्याच्या सहा तालुक्यांपैकी एकाचे मुख्यालय आहे. छत्रपती संभाजीनगर ते नागपूर या जुन्या महामार्गावर मेहकर व मालेगाव ही गावे पाठोपाठ येतात. ‘शीळ’च्या कवीची कर्मभूमी अशा रीतीने मालेगावच्या शेजारचीच आहे. जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असून तेथे रामनवमीला मोठी यात्रा भरते. होळीच्या दिवसांत तांड्यांवर गायली जाणारी लेंगी गीते ही या समाजाची मौखिक ठेव आहे. आज बंजारा बोलीतील नवी-जुनी गीते दृश्यगीतांच्या रूपाने महाजालावर येत आहेत आणि दूरच्या शहरांत कामासाठी गेलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचत आहेत.

मालेगावसारख्या तालुक्याच्या गावांत कॅसेटच्या दुकानाची जागा २०००च्या दशकाच्या अखेरीस मोबाइलच्या दुकानाने घेतली. ठरावीक पैसे घेऊन ग्राहकाच्या मेमरी कार्डात शेकडो गीते ‘भरून’ देण्याचा व्यवसाय ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र चालत असे. भीमगीते, भारुडे, कीर्तने, वऱ्हाडी विनोदी गीते व नवे अल्बम एकाच कार्डात शेजारी येत. कोणती गीते भरायची हे पुष्कळदा दुकानदारच ठरवत असल्याने तो आपल्या परिसराचा अनौपचारिक संगीतनिवडकार बनला. स्वस्त इंटरनेट आल्यावर हा व्यवसाय ओसरला.

श्रेयनिर्देश

मराठी गानपरंपरेत कर्त्याचे नाव गीतातच गुंफण्याची रीत फार जुनी आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम आदी संतांच्या अभंगांत अखेरीस नाममुद्रा येते. शाहिरांनी ती रीत पुढे चालवली. तुकडोजी महाराजांच्या भजनांत आणि वामनदादा कर्डक यांच्या अनेक गीतांतही कवीचे नाव शेवटच्या ओळींत गुंफलेले असते. मौखिक प्रसारात चाल बदलली, गायक बदलला, शब्दही थोडेफार बदलले, तरी नाममुद्रा असलेली रचना निनावी होत नाही. नाममुद्रा ही रचनेच्या आत सुरक्षित राहिलेली श्रेयाची नोंद आहे.

नंतरच्या वाहनांत हे श्रेय रचनेच्या बाहेर गेले. ध्वनिमुद्रिकेवर ते मधल्या गोल कागदावर छापलेले असे, आकाशवाणीवर निवेदकाच्या तोंडी असे आणि कॅसेटमध्ये वेष्टनाच्या घडीच्या कागदावर असे. कॅसेटची प्रत काढताना हा कागद मागे राही. मेमरी कार्डात गीताला केवळ फाइलचे नाव उरले. त्यातही गीतकाराच्या नावाऐवजी ते उतरवून घेतलेल्या संकेतस्थळाचे किंवा दुकानाचे नाव येत असे. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या ध्वनिफितीसोबत अनेकदा काहीच माहिती नसते. दृश्यगीताच्या शीर्षकात अभिनेत्यांची व वाहिनीची नावे ठळक असतात, तर कवीचे नाव वर्णनाच्या तळाशी जाते किंवा वगळले जाते.

याचा परिणाम केवळ कीर्तीपुरता मर्यादित नाही. कार्यक्रमाचे निमंत्रण, मानधन व स्वामित्वशुल्क ही नावामागोमाग येतात. नाव हरवलेल्या कवीचे गीत हजारो वरातींत वाजले, तरी त्याला त्यातून काहीही मिळत नाही. ज्यांचे उत्पन्न मुळातच तुटपुंजे असते, अशा ग्रामीण लोककलावंतांना याची झळ अधिक बसते.

याउलट चांगल्या नोंदीची उदाहरणेही आहेत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर प्रत्येक गीताच्या शब्दांसोबत गीत, संगीत व स्वर अशी स्वतंत्र नोंद दिलेली असते. नवे गीत दुसऱ्याला पाठवताना मूळ वाहिनीचा दुवा देणे आणि तीन नावे लिहिणे एवढ्यानेही श्रेयाची साखळी अखंड राहते. गीत उतरवून घेऊन ते स्वतःच्या खात्यावर पुन्हा चढवल्यास ही साखळी तुटते आणि श्रोत्यांची नोंदही मूळ कलावंताच्या नावे होत नाही.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार रचना निर्माण होऊन लिखित वा ध्वनिमुद्रित रूपात आली की तिचा प्रताधिकार आपोआप अस्तित्वात येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उद्भवल्यास नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचे प्रताधिकार वेगवेगळे असतात. शब्द व चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. या नियमानुसार ‘शीळ’च्या १९३०च्या दशकातील ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार संपला आहे; तिच्या शब्दांवरील प्रताधिकार मात्र २०६० अखेरपर्यंत राहील.

२०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्काचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला. हा हक्क त्यांना करार करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. असे शुल्क गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. संस्थेचे सदस्यत्व घेतलेले नसल्यास आणि रचनेची नोंद तिच्याकडे नसल्यास कर्त्यापर्यंत ही रक्कम पोहोचत नाही.

महाजालावर गीत प्रकाशित करताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ चिन्हांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला जातो. स्वतंत्र कलावंत सहसा वितरक संस्थेमार्फत तो मिळवतात. हा क्रमांक ध्वनिमुद्रणाची ओळख पटवतो. कवितेची वा चालीची नव्हे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही प्रणाली नोंदवलेल्या ध्वनीशी नव्या चित्रफितीतील ध्वनी ताडून पाहते. त्यामुळे मूळ कलावंताने नोंद केली नसेल आणि दुसऱ्याने तेच ध्वनिमुद्रण आपल्या नावे नोंदवले असेल, तर मूळ कलावंताच्याच चित्रफितीवर हरकत येण्याचा धोका असतो.

जतन

चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात, त्यांच्यावर बुरशी चढते आणि त्या वाजवण्याची यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. खासगीरीत्या काढलेल्या अनेक भीमगीतांच्या व लोकगीतांच्या कॅसेटींची मूळ मुद्रिते मोठ्या कंपन्यांच्या संग्रहात नाहीत. श्रोत्यांच्या घरांतील प्रती हाच त्यांचा आधार आहे. महाजालावरील गीतही कायमस्वरूपी नसते. वाहिनी बंद झाली किंवा खाते रद्द झाले, की त्यावरील सर्व गीते एकदम नाहीशी होतात.

संगणकीय प्रत काढताना केवळ ध्वनी उतरवून घेणे पुरेसे ठरत नाही. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, गीतकार, संगीतकार, गायक व वादक यांची नावे, ध्वनिमुद्रणाचे गाव व वर्ष आणि गायकांच्या वहीतील शब्द यांची जोड दिल्यास नोंद विश्वसनीय होते. ज्या गीतात नाममुद्रा नाही आणि ज्याचे वेष्टन हरवले आहे, त्याचा कर्ता ठरवण्यासाठी त्या काळातील गायक, वादक व श्रोते यांची साक्ष हेच प्रमुख साधन उरते आणि ते त्या पिढीच्या हयातीपुरतेच उपलब्ध असते.